शाकाहारी नवऱ्याची हाक

सातव्या दिवशी पहाटे नवऱ्याने चहासाठी दुधाचा कॅन उघडला, तर आत बर्फाच्या पापड्या तरंगत होत्या. सप्टेंबर अर्धा सरला होता. आम्ही कॅल्गरीपासून अडीच तासांवर, टेकड्यांमधल्या जंगलात तंबू ठोकून राहिलो होतो आणि आमच्या शिकारीचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सगळं गुंडाळून घरी निघायचं होतं.

सहा दिवसांत आम्ही एल्कच्या लेंड्या पाहिल्या होत्या, चिखलातले खुरांचे ठसे पाहिले होते, शिंगं घासून साल सोललेली झाडं पाहिली होती. प्रत्यक्ष एल्क पाहिला तो एकदाच, समोरच्या डोंगरावर, दुर्बिणीतून, वाटाण्याएवढा. एल्क म्हणजे आपल्याकडच्या सांबराचाच थोराड भाऊ. उंची घोड्याएवढी आणि डोक्यावर शिंगांचं एक झाडच. सप्टेंबरात नर माजावर येतात आणि दऱ्यांमधून असे ओरडतात की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बासरीत पूर्ण जोर लावून फुंकतंय आणि शेवटी खोकतंय.

मी नागपूरची. वयाची त्रेपन्न वर्षं झाली, त्यांतली पंचवीस इथे कॅल्गरीत गेली. नोकरी पाइपलाइनच्या कंपनीत, पाइपांच्या भिंती कुठे झिजल्यात ते शोधण्याची. धनुष्यबाण हातात आला तो एका म्हाताऱ्यामुळे. हा आमच्या समोरच्या घरात राहतो. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केले, आता पंचाहत्तरीला आलाय. मुलगी शिकायला दूर बर्नाबीला गेली त्या हिवाळ्यात मी रोज रागारागाने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसायचे, कारण घरात करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. एके दिवशी म्हातारा रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "यंग लेडी, तुझे खांदे वाया चाललेत." पुढच्या शनिवारी तो मला तिरंदाजीच्या क्लबात घेऊन गेला. दोन वर्षांनी मी शिकारीची परीक्षा पास झाले. मुलीला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मॉम, आर यू सीरियस?"

मी सीरियस होते. माझ्या माहेरी दर रविवारी सावजी मटण व्हायचं, आणि ते कुठून येतं हा प्रश्न लहानपणापासून मी टाळत आले होते. आता तो टाळायचा नव्हता.

नवरा पुण्याचा. शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे पन्नाशीतही विचारणारा. पहिल्या वर्षी तो माझ्याबरोबर आला तो अस्वलांच्या भीतीने, म्हणजे मला अस्वलाने खाल्लं तर सोबत कुणी असावं म्हणून. म्हाताऱ्याने गंमत म्हणून त्याच्या हातात एल्कची हाक काढायची रबराची पट्टी दिली. ती टाळूला चिकटवून फुंकायची असते. मला तीन महिन्यांत त्यातून फक्त थुंकी काढता आली होती. नवऱ्याने दुसऱ्याच प्रयत्नात मादीचा असा लाडिक आवाज काढला की म्हाताऱ्याने टोपी मागे सरकवली. तेव्हापासून आमची वाटणी ठरली होती. मी धनुष्य घेऊन पुढे लपायचं, त्याने पन्नास पावलं मागे झाडीत बसून हाका मारायच्या. नर हाकेच्या रोखाने येतो आणि वाटेत त्याला मी भेटते, असा तो डाव. ऑफिसातल्या मराठी मंडळींना तो सांगायचा, "मी फक्त साउंड डिपार्टमेंटला आहे."

त्या सकाळी अंधार पुरता विरघळायच्या आत आम्ही दोघं दरीत उतरलो. म्हातारा दुखऱ्या गुडघ्यामुळे तंबूपाशीच थांबला. मी एका आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या झाडामागे गुडघ्यांवर बसले. छोट्या बाटलीतली पावडर हवेत उडवून पाहिली. वारा माझ्या तोंडावर येत होता, म्हणजे माझा वास एल्ककडे जाणार नव्हता. मागून नवऱ्याने पहिली हाक दिली. दुसरी दिली. आणि दरीच्या तळातून उत्तर आलं.

इतक्या जवळून मी ते कधी ऐकलं नव्हतं. छातीच्या पिंजऱ्यात आवाज घुमतो. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, दर वेळी अधिक जवळ. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि झुडपांच्या वर शिंगं दिसली. फक्त शिंगं, चालत येणारी. त्याचं डोकं एका जाड बुंध्याआड गेलं त्या क्षणी मी प्रत्यंचा पूर्ण ओढली. तो बुंध्याच्या बाहेर आला आणि माझ्यापासून वीस पावलांवर, अगदी मोकळ्यात, आडवा उभा राहिला. त्याच्या नाकातून वाफ निघत होती. मानेवरचे केस काळे, ओले. याहून चांगली संधी कुणाला मिळते?

मी नेम धरला. आणि नेमाच्या पलीकडे, एल्कच्या पाठीच्या थोडं वर, मला चष्मा दिसला.

नवऱ्याचा चष्मा. त्याखाली त्याचं तोंड, उघडं. तो आपली जागा सोडून झाडीतून वळसा घालत पुढे सरपटत गेला होता आणि नेमका एल्कच्या मागे, माझ्या बाणाच्या रेषेत, एका झुडपातून डोकं वर काढून बघत होता.

मी प्रत्यंचा ओढून तशीच बसून राहिले. आधुनिक धनुष्याला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो, पण तोही मिनिटभरच पेलवतो. एल्क हलेना. नवरा हलेना. माझे हात मात्र हलायला लागले. शेवटी मी प्रत्यंचा हळूहळू सैल सोडली. एल्कने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या क्षणी तिथे फक्त फांद्या हलत होत्या.

नवरा झुडपातून उठून माझ्याकडे धावत आला. चेहऱ्यावर असा आनंद, जसा मुलगी झाली तेव्हा होता.

"पाहिलंस? अगं, पाहिलंस का तू? केवढा होता!"

मला राग आला की माझं नागपूर बाहेर येतं. "काहून उठला बे तू? तुला जागेवर बसायला सांगितलं होतं ना?"

"मी उठलो नाही. सरकलो."

"माझ्या बाणासमोर सरकला! सोडला असता तर? तर मी काय सांगितलं असतं पोरीला?"

तेव्हा त्याला कळलं. त्याने मागे वळून पाहिलं, मग माझ्या धनुष्याकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसला.  मी बाण काढून भात्यात ठेवला.

"तुला तो मारला जायला नको होता म्हणून आलास का मध्ये?" मी विचारलं. हा संशय मला दोन वर्षांपासून होता.

"नाही गं." तो पटकन म्हणाला. मग जरा थांबून, "मला त्याला बघायचं होतं. दोन वर्षं मी हाका मारतोय. ते उत्तर देतात, येतात, आणि मी मागे झाडाकडे तोंड करून बसलेला असतो. माझ्या हाकेला आलेला एल्क मी एकदाही पाहिलेला नाही. आज तो इतका जवळ आला होता की मला राहवलं नाही."

 राग होताच, पण तो आता कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

तंबूपाशी परतलो तेव्हा म्हातारा पॅनकेक उलटत होता. आमचे चेहरे बघून त्याने नुसती भुवई वर केली. मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. चष्म्यापर्यंत आले तेव्हा तो इतका हसला की हातातला पॅनकेक शेगडीत पडला. मग एकदम गंभीर होऊन त्याने नवऱ्याला चांगलं झापलं. बाणाच्या पुढे कुणी जायचं नाही, हा पहिला नियम आणि शेवटचाही. नवरा शाळेतल्या मुलासारखा मान खाली घालून ऐकत होता.

झापून झाल्यावर म्हाताऱ्याने त्याच्या ताटलीत दोन पॅनकेक वाढले आणि आगीकडे बघत तो म्हणाला, "माझी बायको अकरा वर्षं माझ्यामागे बसून हाका मारायची. तिला कधी एल्क बघायचाय का, हे मी विचारलंच नाही."

त्याची बायको आम्ही त्या गल्लीत राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षीच वारली होती. तिच्याबद्दल तो फारसा बोलत नसे.

"दुपारी मी हाका मारतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघं पुढे बसा. एकत्र. खांद्याला खांदा लावून, म्हणजे हा कुठे आहे ते तुला कळेल."

जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्याच्या टोकाला त्याला एक डबकं ठाऊक होतं. दुपारी ऊन तापलं की नर एल्क म्हशीसारखे चिखलात लोळायला येतात. आम्ही पिकअप जाता येईल तिथपर्यंत नेला आणि पुढे किलोमीटरभर म्हाताऱ्याच्या चालीने चाललो. पहाटे दूध गोठलं होतं आणि आता स्वेटर कमरेला बांधायची वेळ आली होती. अॅस्पेनची पानं पिवळी होऊन सळसळत होती. डबक्याचा वास आधी आला आणि डबकं नंतर दिसलं. गोठा, कुजलेली पानं आणि बोकड असा काहीतरी मिश्र वास. नवऱ्याने रुमालाने नाक झाकलं, मग पांढरा रुमाल एल्कला लांबून दिसेल हे लक्षात येऊन खिशात टाकला.

म्हातारा मागे एका बुंध्याला टेकून, पाय लांब करून बसला. आम्ही दोघं उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांआड बसलो. एक वाजून गेला. दोन वाजले. माशा आल्या. म्हातारा दर वीस मिनिटांनी हाक द्यायचा, आणि खरं सांगायचं तर त्याची हाक गंजलेल्या बिजागरीसारखी होती. दर हाकेला नवरा डोळे मिटून घ्यायचा, जसं गाण्याच्या बैठकीत कुणी बेसूर लावल्यावर मिटतात. शेवटी त्याने खिशातून ती रबराची पट्टी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्याने एकच हाक दिली. अगदी हळू, जणू काही मागायचं नाही, नुसतं इथे आहे एवढंच सांगायचंय.

डबक्याच्या पलीकडून, शंभर पावलांच्या आतून, उत्तर आलं.

हा सकाळचा नव्हता. लहान होता, तरुण, शिंगांना दोन्हीकडे पाच पाच फाटे. माझ्या परवान्यात बसत होता. तो झाडीतून निवांत चालत आला, डबक्यात उतरला, पुढच्या खुरांनी चिखल उडवला आणि धपकन बसून लोळायला लागला. चारही पाय हवेत. माझ्या खांद्याला नवऱ्याचा खांदा लागला होता आणि तो खांदा हसत होता, अजिबात आवाज न करता. मलाही हसू आलं. मी शिकारीला आलेय हे मी दहा-पंधरा सेकंद साफ विसरले.

मग तो उठला. अंगावरून चिखल गळत होता. नवऱ्याने अंतर मोजायच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि बोटांनी दाखवलं: दोन, मग सहा. सव्वीस मीटर. त्याची बोटं स्थिर होती. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. नको म्हणायचं असेल तर आता म्हण, असं मला विचारायचं होतं. त्याने ते ओळखलं असावं, कारण त्याने हळूच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

एल्कने पाणी प्यायला मान खाली घातली. मी प्रत्यंचा ओढली, पुढच्या पायामागची जागा शोधली, श्वास अर्धा सोडला. बाण कधी सुटला ते मला आठवत नाही. आवाज आठवतो, भिजल्या गादीवर काठी मारावी तसा. एल्कने उडी घेतली, चाळीस-पन्नास पावलं धावला, थांबला, जणू कुणीतरी हाक मारली म्हणून, आणि पिवळ्या पानांत बसल्यासारखा कोसळला.

"झालं?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं असतं, जनावराला शांतपणे जाऊ द्यायचं असतं. तो अर्धा तास मी रडत होते आणि हसत होते, आणि यातलं नेमकं काय करतेय ते मला सांगता आलं नसतं. म्हातारा लंगडत आला, त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि थर्मासमधली कॉफी ओतून दिली.

नंतर आम्ही एल्कपाशी गेलो. नवरा त्याच्या मानेशी बसला. आधी एक बोट लावलं, मग पूर्ण तळवा.

"गरम आहे अजून," तो म्हणाला.

"तू ठीक आहेस ना?"

"नाही. पण मला इथेच बसायचंय."

तो तिथेच बसून राहिला. मी परवान्याचा टॅग शिंगाला बांधला, बाह्या वर केल्या आणि म्हातारा सांगेल तसं काम सुरू केलं. कापायचं कुठून, ओढायचं कसं, पोटाला सुरी लागू द्यायची नाही. मला वाटलं होतं हे मला बघवणार नाही. पण बघवलं. वीस वर्षं पाइपांच्या आतल्या भिंती तपासल्या असल्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट आतून कशी बनलीय हे बघताना मला भीती वाटत नाही. नवऱ्याने न सांगता मागचा पाय धरून ठेवला. तोंड त्याने दुसरीकडे केलं होतं, पण पाय सोडला नाही.

चार पाय, पाठीचं मांस, मानेचं मांस, सगळं कापडी पिशव्यांत बांधलं. आता ते किलोमीटरभर वाहून न्यायचं होतं. म्हाताऱ्याच्या गुडघ्याला ओझं चालणार नव्हतं. तेव्हा माझ्या शाकाहारी नवऱ्याने एल्कची अख्खी मांडी पाठीवर घेतली. पिशवीतून गळून त्याच्या मानेवर रक्ताचा ओघळ आला होता. मी पुसायला गेले तर म्हणाला, "राहू दे. दोन्ही हात गुंतलेत, नाहीतर मीच हात लावून रक्त बघितलं असतं आणि मग पंचाईत झाली असती."

ताज्या मांसाच्या वासाने अस्वलं येतात, म्हणून चालताना मोठ्याने आवाज करत राहायचं असतं. गाणी म्हणावीत तर नवऱ्याला एकाही गाण्याचं दुसरं कडवं येत नाही. त्याला पूर्ण पाठ असलेली एकच गोष्ट म्हणजे पाढे. म्हणून तो खड्या आवाजात सुरू झाला, "एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी!" मीही साथ द्यायला लागले. माझा एकोणतीसचा पाढा लहानपणापासून कच्चा, त्यामुळे सत्त्याऐंशीच्या पुढे मी नुसतीच त्याच्या मागे शेपटासारखी ओरडत होते.

वळणावर मागे पाहिलं तर म्हातारा थांबला होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती आणि मान खाली घातली होती. आम्ही थांबलो तेव्हा त्याने वर पाहिलं.

"थांबू नका," तो म्हणाला. "सुंदर आहे. त्याच्यासाठीची प्रार्थना आहे ना?"

मी तोंड उघडलं. नवऱ्याने माझ्या आधी उत्तर दिलं. "हो," तो म्हणाला, आणि तिसाचा पाढा सुरू केला, जरा सावकाश, जरा गंभीर चालीत.

तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला माझी पाठ संपली होती, पण सूर्य अजून डोंगराच्या वर होता. तंबू आवरून पिकअपमध्ये बसलो तेव्हा आठ वाजून गेले होते. हायवेला लागलो आणि म्हातारा मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला. वाटेत एका पेट्रोल पंपावर मी वॉशरूमला गेले. आरशात पाहिलं तर कपाळावर चिखल, केसांत पानं, कोपरापर्यंत वाळलेलं रक्त. शेजारी हात धूत असलेली बाई माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "एल्क की मूस?" एल्क, म्हटलं. "वेल डन, हनी," ती म्हणाली आणि तिने मला टिश्यू पेपरचा अख्खा गठ्ठा दिला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजमध्ये टेबल मांडून मी आणि म्हाताऱ्याने सगळं मांस कापलं आणि कागदात गुंडाळलं. नवरा कापण्याच्या कामात आला नाही. घरात बसून त्याने पिठलं-भात खाल्ला आणि मग जाड मार्कर घेऊन गॅरेजच्या पायरीवर येऊन बसला. त्याचं अक्षर फार सुंदर. प्रत्येक पुडक्यावर त्याने सवयीने मराठीतच लिहिलं: मांडी, खांदा, खिमा, रश्श्यासाठी. अर्धी पुडकी आमच्या फ्रीझरमध्ये गेली, अर्धी म्हाताऱ्याच्या.

मांस संपेपर्यंत अख्खा हिवाळा लागला. उणे तीसच्या एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली. म्हातारा अंगभर बर्फ घेऊन उभा होता, हातात एक पुडकं. त्याने ते नवऱ्यासमोर धरलं आणि मोठ्या अदबीने विचारलं, "हे भाजायचं की शिजवायचं, जरा वाचून सांगशील?"